नकाशा भिंतीवरून खाली उतरवा

पत्र थोडक्यात असं : जळगाव जिल्ह्यात, चोपडा-यावल पट्ट्यातल्या एका गावी द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत या ताई शिकवतात. तिसरी-चौथी एकत्र बसते. काही मुलांच्या घरी अहिराणी, काहींच्या घरी पावरी. दिशांचा पाठ झाला, मुलांनी मुख्य दिशा आणि उपदिशा तोंडपाठ केल्या, वहीत बाण काढले. मग केंद्रप्रमुख शाळाभेटीला आले आणि सहज म्हणाले, "उत्तर दिशा दाखवा बरं." बहुतेक मुलांनी फळ्याशेजारी टांगलेल्या नकाशाच्या वरच्या कडेकडे बोट केलं, दोघांनी थेट छताकडे. एका मुलीनं मागच्या, सातपुडा दिसतो त्या खिडकीकडे हात केला, तर बाकीची मुलं हसली आणि तिनं हात खाली घेतला. साहेब काही बोलले नाहीत, पण ताईंची झोप उडाली. त्या विचारतात : स्वतःच्या पैशांनी दहा होकायंत्रं घ्यावीत का? की मोबाइलमधलं दाखवावं? सहकारी म्हणतात, या वयात पाठांतर पुरे, आधी वाचन-गणिताचं बघा. शेवटी एक कबुली : "खरं सांगायचं तर नव्या गावात गेले की मलाच दिशा कळत नाहीत. मी मुलांना काय शिकवणार?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या खिडकीपाशी अडखळले.

मुलांच्या पाठीमागच्या खिडकीतून सातपुडा दिसतो, असं तुम्ही लिहून गेलात. तुमच्या गावाहून सातपुडा उत्तरेला. म्हणजे मुलं दक्षिणेकडे तोंड करून बसतात, फळा दक्षिणेच्या भिंतीवर आहे आणि नकाशाही त्याच भिंतीवर टांगलेला आहे. आता उद्या शाळा सुटल्यावर एखाद्या मुलाच्या जागी मांडी घालून बसा. नकाशात रावेर उजवीकडे आहे. खरं रावेर मात्र तुमच्या डाव्या हाताला असेल. नकाशात उत्तर वर आहे आणि खरी उत्तर तुमच्या पाठीशी आहे. भिंत सांगते एक आणि गाव सांगतं बरोबर उलटं. वर्षभर ही मुलं त्या भिंतीकडे बघत बसतात आणि साहेब आले की आपण विचारतो, उत्तर कुठे? ज्याच्यावर बाईंनी छडी टेकवून 'ही उत्तर' म्हणून सांगितलं, तिकडे त्यांनी बोट केलं. मला तर त्यात आज्ञाधारकपणाच दिसतो.

छताकडे बोट करणाऱ्या दोघांवरही रागावू नका. 'उत्' म्हणजे वर आणि 'तर' म्हणजे अधिक. 'उत्तर' या शब्दाचा मूळ अर्थच 'अधिक वरचा'. पोरांनी नकळत व्युत्पत्ती सांगितली! शिवाय आपली मुलं 'उत्तर' हा शब्द दिवसातून वीस वेळा वाचतात तो गणिताच्या वहीत, उदाहरणाच्या शेवटी. एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत हे त्यांना कुणी मुद्दाम सांगत नाही. तुम्ही सांगा, हसतील आणि लक्षात ठेवतील.

शब्दांचं निघालंच आहे तर आणखी एक. 'दक्षिण' म्हणजे संस्कृतात उजवा. देवाला उजवीकडे ठेवून फिरतो म्हणून प्रदक्षिणा. 'पूर्व' म्हणजे पुढचा, आधीचा, आणि 'पश्चिम' म्हणजे मागचा. म्हणजे उगवतीकडे तोंड करून उभं राहायचं, ही पद्धत आपल्या शब्दांतच शिरलेली आहे. समोर पूर्व, उजव्या हाताला दक्षिण, पाठीशी पश्चिम. फक्त हे करून दाखवताना मुलांकडे तोंड करून उभ्या राहू नका. या वयात पुष्कळ मुलांचा डावा-उजवा अजून पक्का नसतो. तुम्ही समोरून उजवा हात उचललात की ती आरशासारखा डावा उचलतात. त्यांच्याकडे पाठ करून, त्यांच्या रांगेतच उभ्या राहा.

आता तुमच्या मुख्य गृहीताकडे येते. मुलांना दिशा येत नाहीत, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. घरात कुणी उत्तरेला डोकं करून झोपलं की आजी ओरडते, हे त्यांना ठाऊक आहे. गावात मशीद असेल तर नमाज पश्चिमेकडे तोंड करून पढतात, हे तिथल्या मुलांना ठाऊक आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर उभं राहून कुठली एस.टी. रावेरकडे जाणार आणि कुठली शिरपूरकडे, हे आठ वर्षांचं पोरगं पाटी न वाचता सांगतं. आणि शेतकऱ्याच्या घरात तर दिशांचा दस्तऐवजच असतो. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात : पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस गाडवाट, उत्तरेस तमक्याचा बांध. मुलांना एवढंच काम द्या की घरी जाऊन आजोबांना विचारायचं, "आपला वावरना चारी आंगे कोण शे?" दुसऱ्या दिवशी जो तो आपल्या वावराचा चौकोन काढून चार बाजूंना चार नावं लिहील. फक्त एक काळजी घ्या. वर्गात भूमिहीन आणि सालदारांची मुलंही असतात. म्हणून सांगताना 'शेत किंवा घर' असं सांगा. घरालाही चार बाजू असतातच. आणि खरेदीखत कुणाला शाळेत आणायला लावू नका, बांधाचे वाद वर्गात नकोत.

जुन्या कागदांवर आणखी एक गंमत सापडते. काही घरांतल्या जुन्या कागदांवर जिल्हा म्हणून 'पूर्व खानदेश' असं लिहिलेलं असेल. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचं जळगाव, आणि पश्चिम खानदेश म्हणजे धुळे, ज्यातून १९९८ साली नंदुरबार वेगळं झालं. मुलांना विचारा, आपण पूर्वेला कुणाच्या? धुळेकरांच्या पूर्वेला, पण नागपूरकरांच्या पश्चिमेला. पूर्व ही जागा नसून कुठून बघतोय त्यावर ठरते, हे चौथीच्या मुलांना या उदाहरणातून समजतं. व्याख्येतून समजत नाही, मी पुष्कळ वेळा करून बघितलंय.

होकायंत्रांबद्दल. दहा घेऊ नका, एक पुरे, आणि तेही शेवटी. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी मोठ्या हौसेनं चार होकायंत्रं वर्गात नेली आणि टेबलावर मांडली. टेबलाचे पाय लोखंडी. चार सुयांनी चार उत्तरा दाखवल्या आणि पाठीमागे बसलेला एक पोरगा म्हणाला, "बाई, आता मतदान घ्या." तेव्हापासून मी होकायंत्र पत्र्याच्या छपराखाली, लोखंडी बाकावर किंवा मोबाइलशेजारी कधी ठेवलं नाही. मोकळ्या मैदानात, हातात आडवं धरायचं. आपल्या काळ्या पाषाणावरही टेकवायचं नाही, त्यात चुंबकीय खनिज असतं आणि कुठे कुठे सुई फसते. मोबाइलमधल्या होकायंत्राचं तसंच, कव्हरला चुंबक असेल तर ते हमखास चुकतं. सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक असतो असं कुणी म्हटलं, तर निर्धास्त राहा. आपल्या भागात तो एक अंशाहूनही कमी आहे.

त्यापेक्षा होकायंत्र मुलांकडून बनवून घ्या. बिघडलेल्या स्पीकरचं चुंबक घ्यायचं, शिवणाची सुई त्यावर एकाच दिशेनं तीसचाळीस वेळा घासायची, पिंपळाच्या पानाच्या तुकड्यावर ठेवून प्लास्टिकच्या वाडग्यातल्या पाण्यावर सोडायची. सुई फिरून उत्तर-दक्षिण थांबते. पण यातलं उत्तर टोक कोणतं, ते सुई सांगत नाही. ते ठरवायला मुलांनी मान वर करून सातपुडा बघायचा आणि त्याच्याकडचं टोक लाल रंगवायचं. म्हणजे यंत्राला दिशा आपण शिकवतो. दहा विकतच्या होकायंत्रांत ही गोष्ट नाही.

सूर्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपण सगळेच 'सूर्य उगवतो ती पूर्व' असं बिनधास्त सांगतो. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. आपण २१ अक्षांशाजवळ राहतो. इथे जूनच्या शेवटी तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरच्या शेवटी तेवढाच दक्षिणेला. हात लांब करून मूठ धरली तर मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. म्हणजे सहा महिन्यांत उगवतीची जागा पाच मुठी सरकते. हा काही बारीकसारीक फरक नाही. प्रत्येक मुलानं आपल्या घराच्या ओट्यावरून, एकाच जागी उभं राहून, महिन्यातून एकदा सूर्य कुठून वर आला ते वहीत काढायचं : लिंबाच्या डावीकडून, टाकीच्या मागून, अमक्याच्या गोठ्यावरून. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी वह्या बघायच्या. तुम्हाला वेगळा तास लागणार नाही.

सावलीचंही तसंच. 'दुपारी बाराला सावली उत्तरेला पडते' हे वाक्य पुस्तकी आहे आणि आपल्याकडे ते दोन ठिकाणी चुकतं. एक तर आपली खरी मध्यान्ह बाराला होत नाही. भारताचं घड्याळ चालतं ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर, आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून जळगावात ती सरासरी साडेबाराच्या सुमारास होते आणि नंदुरबारला आणखी पाचेक मिनिटांनी. दुसरं, आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य भरदुपारी आपल्या उत्तरेला असतो. शाळा उघडते जूनमध्ये. त्या दिवसांत मीटरभर काठीची मध्यान्हीची सावली जेमतेम चार सेंटिमीटर असते आणि तीही दक्षिणेला! ढग नसतील तर दाखवा. मग तीच काठी डिसेंबरच्या शेवटी पुन्हा रोवा. मध्यान्हीला सावली जवळजवळ काठीएवढीच लांब आणि सरळ सातपुड्याकडे रोखलेली दिसेल.

दिवाळीनंतर आभाळ स्वच्छ असतं, ऊन सोसवतं, तेव्हा एक दिवस काठीचा प्रयोग पूर्ण करा. मैदानात काठी सरळ रोवायची. साडेदहाच्या सुमारास सावलीच्या टोकाशी खूण करायची, काठीला दोरी बांधून त्या टोकातून वर्तुळ काढायचं. दुपारी दोनच्या सुमारास वाढत आलेली सावली पुन्हा त्या वर्तुळाला टेकते. ती टेकते तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा तयार. सकाळची खूण पश्चिमेची, दुपारची पूर्वेची. ना सुई, ना बॅटरी. आपल्याकडे ही पद्धत फार जुनी आहे, शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांत, ती आलेली आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तिथे मठ काढल्याची नोंद त्यात आहे. सहल कुठे न्यायची असा प्रश्न पडला की आठवा. काठीची ती रेषा मात्र चुन्यानं पक्की करून ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच उभं करायचं आहे.

आता नकाशा. माझं म्हणणं साधं आहे : भिंतीवरून काढा आणि जमिनीवर पसरा. चुन्याच्या रेषेशी त्याची पूर्व-पश्चिम जुळेपर्यंत तो फिरवा. मुलांना भोवती बसवा. मग कुणाला नकाशा उलटा दिसेल, कुणाला आडवा. दिसू द्या. 'उत्तर म्हणजे वर' हे खूळ तिथेच निघून जातं, कारण जमिनीवर वर-खाली असं काही उरतच नाही. भिंतीवर टांगायचाच असेल तर उत्तरेच्या भिंतीवर, खिडकीशेजारी टांगा. तिथे निदान उजवीकडची पूर्व उजवीकडेच येईल.

पण छापील नकाशाआधी मैदानात आपला स्वतःचा आखा. सातपुड्याच्या बाजूला दगडांची रांग. निळ्या रांगोळीनं तापी, पूर्वेकडून पश्चिमेकडे. तिच्या उत्तरेला रावेर, यावल, चोपडा, शिरपूर अशी मुलं ओळीनं उभी करा, दक्षिणेला भुसावळ, जळगाव, अमळनेर. एक मूल तापी होऊन मुलताईहून निघतं, ७२४ किलोमीटरचा प्रवास वीस पावलांत करून सुरतेजवळ समुद्राला मिळतं. मग हाका द्या : "यावल, शिरपूरकडे तोंड कर. कुठली दिशा?" आणि मग गिरणेला बोलवा. गिरणा जळगाव जिल्ह्यातून उत्तरेकडे जात तापीला मिळते. भिंतीवरच्या नकाशात ती वर चढताना दिसते. विचारा, पाणी वर कसं चढलं? ज्या मुलाच्या डोक्यात उत्तर म्हणजे वर असं बसलंय, ते इथे गोंधळतं, आणि तो गोंधळ बोलून सोडवता येतो. मला विचाराल तर दिशांच्या पाठाची खरी परीक्षा या एका प्रश्नात आहे.

नकाशा म्हणजे वरून दिसणारं चित्र, हे मुलांना आपोआप कळत नाही. ती तांब्या काढतात तो बाजूनं, घर काढतात ते त्रिकोणी छपराचं. स्टुलावर तांब्या, पाटी, खडूचा डबा ठेवा आणि एकेकाला बाकावर उभं करून खाली बघत काढायला सांगा. तांब्याचं वर्तुळ झालं की अर्धं काम झालं. मग वर्ग पावलांनी मोजून चौकटीच्या वहीत : एक पाऊल, एक चौकट. उंच पोराची वीस पावलं आणि बुटक्याची सव्वीस, भांडण होईल. होऊ द्या, प्रमाण कशाला लागतं ते त्या भांडणातूनच कळतं. त्यानंतर शाळेचं आवार आणि मग गाव, खुणांची सूची मुलांनीच ठरवलेली. त्यांना पार, हापसा, केळीचा मळा दाखवायचा असेल तर त्यासाठी चिन्ह तीच शोधतील. शेवटी गावाचा खरा गट नकाशा आणा. तो तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, बघायला मिळतो आणि महाभूनकाशा या शासनाच्या संकेतस्थळावरही आहे. आपला गट नंबर सापडल्यावर मुलं जे ओरडतात ते ऐकण्यासारखं असतं. मोबाइल दाखवायचा तर या टप्प्यावर दाखवा.

सहकाऱ्यांचं म्हणणं अगदीच मोडीत काढू नका. वाचन-गणिताचा ताण खरा आहे. पण पावलं मोजणं, चौकटीत मांडणं, सूची वाचणं हे गणित-वाचनच आहे, त्या तासातच बसवा. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत 'उत्तरेकडे गेला, उजवीकडे वळला' छापाचे प्रश्न असतात. मैदानात फिरलेलं मूल ते मनातल्या मनात चालून सोडवतं.

दुसऱ्या गावांतून असंच विचारणाऱ्यांसाठी दोन शब्द. सातपुडा सगळ्यांना दिसत नाही, आणि उन्हाळ्याच्या धुरकट हवेत तुम्हालाही दिसणार नाही. भुसावळकरांनी गाड्या धराव्या : नागपूरची पूर्वेला, खंडव्याची ईशान्येला, सुरतेची पश्चिमेला, मुंबईची नैऋत्येला. चार फलाटांवर मुख्य दिशा आणि उपदिशा दोन्ही होतात. धुळेकरांना मुंबई-आग्रा रस्ता आहे, शिरपूरकडे तोंड केलं की साधारण उत्तर. आणि रात्री सगळ्यांना ध्रुव तारा आहे. आपल्याकडे तो क्षितिजापासून २१ अंशांवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक ठेवलेल्या दोन मुठींएवढ्या उंचीवर दिसतो. फार वर शोधू नका, तिथेच लोक चुकतात.

तुमच्या कबुलीबद्दल. नव्या गावात दिशा न कळणं ही लाजेची गोष्ट नाही. एस.टी. दोनदा वळली की मीही हरवते. फरक एवढाच की आता मी उतरल्यावर आधी सावली बघते आणि घड्याळ बघते, मग पत्ता विचारते. काठीचा प्रयोग तुम्ही आधी एकट्यानं करू नका. मुलांबरोबरच पहिल्यांदा करा, दोनला काय होतं याची त्यांच्याइतकीच वाट बघा.

आणि उद्याच करायचं काम एकच. त्या मुलीला, जिनं खिडकीकडे हात केला होता, सगळ्यांसमोर उभी करा आणि सांगा की त्या दिवशी वर्गात उत्तर फक्त तिला सापडली होती. तुम्ही तिच्याबद्दल फार काही लिहिलेलं नाही. डोंगरातल्या पाड्यावरची असेल तर तिनं आपलं सगळं रान उंचावरून बघितलेलं असेल, तुम्ही बाकावर उभं करून जे शिकवणार आहात ते. तिला विचारा, घराकडून शाळेकडे येताना सूर्य कुठल्या गालावर असतो. मग बाकीच्यांना विचारा.